जादा गिअरबॉक्स आणि बाभळीचा ठोकळा

मित्रांनो, गाडीला एकच गिअरबॉक्स असतो असे तुम्ही समजत असाल. बहुतेक गाड्यांचे तसेच असते. मी दुसरा आहे, मागाहून जोडलेला, आणि आता जुना. सध्या शनिवार पेठेत रियाज शेख याच्या घरी, जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेला आहे. माझ्यात काहीही बिघाड नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल.

मला कोंडीरामकाकांनी घडवले. ते मूळचे यवतमाळकडचे. पुण्यातल्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे गिअर कापले आणि निवृत्तीनंतर कर्वेनगरमध्ये, एका उताराच्या गल्लीत पत्र्याचे गॅरेज काढले. रियाज तिथे आपली जुनी डिझेल पिकअप आणायचा. सासवडहून अंजीर आणि सीताफळे भरून दिवे घाट उतरायचा आणि मंडईत माल टाकायचा, हा त्याचा धंदा. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळायचे. तिसऱ्यात गाडी सुसाट सुटायची आणि ब्रेक तापायचे.

"दुसऱ्यात रडते, तिसऱ्यात पळते," काका म्हणाले. "मधली पायरी देतो तुले."

"गाडी म्हातारी आहे, काका. आता हिला नवे दात कशाला?"

"म्हाताऱ्यालेच लागतात बापा."

मोडीत निघालेल्या एका जीपच्या गिअरबॉक्सचे कवच त्यांनी माझ्यासाठी आणले आणि आतली दातेरी चाके स्वतः कापून घेतली. मुख्य गिअरबॉक्सच्या पाठीला मला जोडले, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तेवढा आखूड केला. केबिनमध्ये माझी वेगळी छोटी दांडी आली. दांडी पुढे असली की गाडी नेहमीसारखी चाले. मागे ओढली की प्रत्येक गिअर थोडा लांब होई, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरे. घाटात दुसरा आणि तिसरा यांच्यामधली पायरी मिळाली. सपाट रस्त्यावर इंजिन एवढे शांत झाले की रियाज मंडईत सांगत फिरायचा, "आता केबिनमध्ये कुजबुजलं तरी ऐकू येतं."

दांडीची तिसरी जागा मधली. तिथे दांडी असली की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. मग गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तरी गिअर तिला धरून ठेवत नाही. म्हणून काकांनी त्याच दिवशी आणखी एक वस्तू बनवली. चाकाखाली सरकवायला बाभळीचा तिरका ठोकळा. "हा गाडीतून हलवायचा नाही," ते रियाजला म्हणाले. गाडीखाली जाण्याआधी ते दर वेळी एकच प्रश्न विचारत, "लावला का ठोकळा?"

सहा वर्षे तो लावला गेला.

मंडईत गोदाबाई भाजी विकत. त्यांचे टेबल डुगडुगायचे. एक दिवस त्यांनी ठोकळा मागितला आणि रियाजने तो टेबलाच्या पायाखाली सरकवून दिला. उद्या परत नेऊ म्हणाला. असे तीन आठवडे गेले. गाडी गिअरमध्ये उभी राहत होती आणि कुठे हलत नव्हती.

मग माझ्यातून बारीक आवाज येऊ लागला; तेल कमी झाले होते, एवढेच. रियाजने गाडी गॅरेजसमोर उतारावर लावली. काकांनी जमिनीवर पोते अंथरले.

"लावला का ठोकळा?"

रियाज फोनवर मंडईतल्या माणसाशी बोलत होता. ठोकळा गोदाबाईंकडे आहे म्हटले असते, तर काकांनी अर्धा तास ऐकवले असते. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "लावला."

काकांनी शाफ्ट हाताने हलवून पाहण्यासाठी माझी दांडी मध्ये घेतली आणि ते खाली सरकले. हँडब्रेकची तार सैल झाली होती. तेवढ्यावर गाडी थोडा वेळ थांबली, मग मागे गेली. चाक त्यांच्या उजव्या हातावरून गेले.

लोक धावत आले. काका एवढेच म्हणाले, "माझी चूक. दांडी मी मधे घातली." दवाखान्यात, गल्लीत, सगळीकडे त्यांनी हेच सांगितले. रियाजने ते खोडले नाही. संध्याकाळी तो मंडईत गेला, गोदाबाईंच्या टेबलाखालून ठोकळा काढला आणि गाडीत सीटमागे ठेवला.

त्या हाताने पुन्हा पाना धरला गेला नाही. गॅरेज बंद झाले. रियाज दर शुक्रवारी नमाजानंतर काकांकडे जाई. निघताना ठोकळा सीटमागून काढून मांडीवर घेई, कर्वेनगरला पोहोचला की तो पुन्हा सीटमागे ठेवून उतरे. परत आला की स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राही. त्याच्या बायकोने, अख्तरबानूने, एकदा विचारले, "बोललात का?" तो म्हणाला, "पुढच्या वेळी."

दीड वर्षाने काका गेले. हृदयविकाराचा झटका आला.

काकांच्या पत्नी विमलाकाकूंनी यवतमाळकडे, गावी परत जायचे ठरवले. त्यांचे सामान रियाजने आपल्याच गाडीत भरले. नगर मागे पडल्यावर रस्ता सपाट झाला आणि त्याने माझी दांडी मागे ओढली. इंजिन शांत झाले.

तो म्हणाला, "काकू, त्या दिवशी ठोकळा नव्हता. मी खोटं बोललो होतो."

काकू बाहेर बघत होत्या. अगदी हळू बोलल्या, पण माझ्यामुळे प्रत्येक शब्द ऐकू आला.

"माहीत आहे मले. गाडी मागे गेल्यावर चाकाखाली काही नाही, हे त्यांना पडल्यापडल्याच दिसलं होतं. दवाखान्यात सांगितलं मले."

"मग मला का नाही विचारलं?"

"तू सांगशील म्हणून. दर शुक्रवारी तू गेल्यावर म्हणायचे, आजही नाही बोलला पोरगा. हाताचं त्यांना एवढं नव्हतं रे."

रियाजने गाडी कडेला घेतली. उतरला, सीटमागून ठोकळा काढला आणि चाकाखाली लावला. रस्ता तिथे अगदी सपाट होता. नंतर तो बराच वेळ चाकापाशीच बसून होता. काकू उतरल्या आणि त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

पुण्याला परतल्यावर, "त्यांच्या हातचं आता झिजवायचं नाही," म्हणत त्याने मला उतरवले, पुसले, तेल लावले आणि पोत्यात गुंडाळले. ठोकळाही माझ्याजवळच ठेवला. गाडी आता पूर्वीसारखी घाटात रडत उतरते.

मित्रांनो, यंत्राला वेळच्या वेळी तेल घाला, ब्रेकची तार तपासा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच सांगतो. चाकाला ठोकळा लावायचा राहिला असेल, आणि कोणी विचारले, तर राहिला म्हणून सांगा. तेव्हा जमले नाही तर दुसऱ्या दिवशी सांगा. विचारणारा वाट बघत असतो, आणि तो फार दिवस बघेलच असे नाही.