नासपतीच्या लाकडाचा साचा

मित्रांनो, मी शेवया गाळायचा एक जुना लाकडी साचा आहे. तुमच्या स्वयंपाकघरात पितळी सोऱ्या असेल, तर मला त्याचा थोरला भाऊ समजा. मी बाकाएवढा लांब आहे. मला उचलून थेट चुलीवरच्या कढईवर आडवा ठेवतात. माझ्या पोटातल्या पोकळीत कुट्टू नावाच्या डोंगरी धान्याच्या पिठाचा गोळा भरतात, वरून दट्ट्या बसवतात आणि लांब दांड्यावर एका माणसाने सगळा भार टाकला, की तळाच्या जाळीतून शेवया खाली उकळत्या पाण्यात पडतात. दुसरं माणूस लांब काड्यांनी त्या हलवतं आणि शिजल्या की उचलतं. आमच्या चीनमधल्या उत्तर शान्शीच्या डोंगरी भागात या शेवयांना हले म्हणतात. लग्न असो, बारसं असो की मयताचं जेवण, मटणाच्या रश्शात हले पडल्याशिवाय पाहुणा उठत नाही.

मी साचा होण्याआधी रानटी नासपतीचं झाड होतो. फेंगलिअन नावाच्या मुलीच्या अंगणात मी उभा होतो. तिच्या वडिलांनी मला तोडलं आणि साचा करायला मानत्सांग नावाच्या तरुण सुताराला बोलावलं. काम चार दिवसांचं होतं. मानत्सांगने अकरा दिवस लावले. लाकूड फार चिवट आहे, असं तो वडिलांना सांगत असे. खरं तर मी मुळीच चिवट नव्हतो. फेंगलिअन त्याला दिवसातून तीनदा पाणी आणून देत असे, एवढंच. पुढच्या हिवाळ्यात त्यांचं लग्न झालं आणि रुखवतात दोन गोधड्या, एक पेटी आणि मी असे चौघे दरी ओलांडून तिच्या सासरी गेलो.

ती वर्षं माझ्या भराची होती. फेंगलिअन दांड्यावर बसे आणि मानत्सांग काड्या धरी. गावातलं एकही लग्न माझ्याशिवाय होत नसे. मला न्यायला दोन गडी येत, तेव्हा फेंगलिअन दारात उभी राहून बजावत असे, की धुऊन, कोरडा करून, जवसाचं तेल लावून परत आणायचा. तिच्या हाताने लागलेल्या तेलाने मी आतून बाहेरून तांबूस काळा झालो होतो. चांगलं पीठ, चांगलं पाणी आणि कौतुक करणारी माणसं, साच्याला आणखी काय हवं असतं?

त्यांचा मुलगा योंगशंग मोठा झाला आणि रेल्वेच्या बांधकामावर दक्षिणेकडे सिच्वानात गेला. तीन वर्षांनी परतला तो बायको घेऊन. तिचं नाव शुरोंग. ती बारीक अंगाची होती, भरभर बोलायची आणि तिचं बोलणं आमच्या गावाला निम्मंच कळायचं. गावाने तिला पाहिलं, हसून घेतलं आणि गाव आपापल्या कामाला लागलं. योंगशंग कोळशाच्या ट्रकवर चालक झाला. पंधरा-पंधरा दिवस तो घरी नसे. घरात सासू, सासरे आणि ही परक्या मुलखातली सून उरत.

सुरुवातीला दोघींचं बरं चाललं होतं. मग शुरोंगला दिवस गेले आणि तिच्या पोटात अन्न ठरेना. माझ्या जाळीतून पडलेल्या हल्यांचा वाडगा समोर आला, की मटणाच्या वासानेच ती तोंड फिरवी. फेंगलिअनला ते लागलं. सबंध गाव ज्या शेवयांसाठी बोटं चाटतं, त्या या मुलीला नकोत? तिने रस्सा बदलून पाहिला, मटणाऐवजी नुसता बटाटा घालून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

गावात अशी गोष्ट लपत नाही. शेजारच्या दुआन काकू मूळच्या ह्वांग हो नदीपलीकडच्या. त्यांच्याकडे पिठाचा गोळा एका हातावर धरून दुसऱ्या हातातल्या वाकड्या पात्याने सपासप तासतात आणि वाळुंजाच्या पानांसारख्या शेवया उडत जाऊन पाण्यात पडतात. काकूंनी तशा करून आणल्या, सोबत आपल्या गावाकडच्या आंबट काळ्या शिर्क्याची बाटलीही ठेवून गेल्या. शाळेचे छू मास्तर दक्षिणेकडच्या मैदानातले. त्यांनी पीठ पाटावर आपटून आपटून कंबरपट्ट्याएवढ्या रुंद शेवया ओढल्या आणि वरच्या तिखटावर कडकडीत तेल ओतलं. योंगशंग घरी आला, तेव्हा त्याने लानचौच्या खानावळीतल्या आचाऱ्याची नक्कल केली. तो आचारी एकच गोळा दोन हातांत ताणून, दुमडून, पुन्हा ताणून केसाइतक्या बारीक शेवया करतो म्हणे. योंगशंगच्या हातात पिठाचे तीन तुकडे झाले आणि एक कोंबडीने पळवला. शुरोंग हसली, पण जेवली नाही. प्रत्येकाचा वाडगा ती दोन्ही हातांनी घेई, दोन घास खाई आणि मागच्या दाराने बाहेर पळे.

पाचवा महिना लागला, तेव्हा तिच्या मनगटाची हाडं दिसू लागली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फेंगलिअनला बाजूला घेऊन सांगितलं, की अशीच राहिली तर आई आणि मूल दोघांचंही कठीण आहे. त्या दिवशी घरी आल्यावर फेंगलिअन मला तेल लावायला बसली आणि एकाच जागी कितीतरी वेळ चोळत राहिली.

विचारलं ते मानत्सांगने. तो फार कमी बोलायचा. शेंगा सोलता सोलता त्याने सुनेला एवढंच विचारलं, की तुझ्या आईच्या घरी आजारी माणसाला काय देतात. शुरोंगने सांगितलं. रताळ्याच्या चिकाच्या शेवया, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. त्यावर शिर्का, तिखट आणि जीभ बधिर करणारं तिरफळ. आई भोकं पाडलेल्या भोपळ्याच्या डावातून त्या गाळायची आणि डावावर मुठीने धप्पधप्प मारायची, म्हणून गल्लीत सगळ्यांना कळायचं. सांगताना ती शेंगांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मानत्सांग तालुक्याला गेला आणि लोहाराकडून नवी जाळी करून आणली. तिची भोकं माझ्या जुन्या जाळीच्या भोकांपेक्षा निम्म्याने बारीक होती. ती त्याने फेंगलिअनपुढे ठेवली, तेव्हा ती भडकली.

"हा साचा माझ्या माहेरचा आहे. माझ्या वडिलांच्या हातचं झाड आहे ते. कुट्टूशिवाय यात काही गेलेलं नाही आणि जायचंही नाही."

मानत्सांग जाळी पुसत म्हणाला, "तुझं माहेर तुझ्याबरोबर या घरात आलं. तिचं कुठाय?"

फेंगलिअन उठून गेली. मित्रांनो, खरं सांगतो, मलाही नवी जाळी नको होती. खिळे उपटले जातील, तळ दुखेल आणि मग मी पहिल्यासारखा राहणार नाही, अशी भीती मला वाटत होती. पण सकाळी फेंगलिअन पक्कड घेऊन आली. तिने माझे खिळे एकेक करून स्वतः काढले आणि जुनी जाळी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. मग नवऱ्याला म्हणाली, "रताळी आणा. आणि तिला कळू देऊ नका."

दोघांनी रताळी किसली, पाण्यात कालवली, फडक्यातून गाळली आणि तळाशी बसलेला पांढरा चीक गच्चीवर वाळवला. सुनेला अचानक वाडगा द्यायचा, असा फेंगलिअनचा बेत होता. पण रताळ्याच्या पिठाची रीत दोघांनाही ठाऊक नव्हती. त्यांनी ते कुट्टूसारखंच पाण्यात भिजवलं. फेंगलिअन दांड्यावर बसायच्या आधीच ते माझ्या भोकांतून गळू लागलं आणि कढईत त्याचा एकच चिकट गोळा झाला. दोघांच्या बाह्या, भुवया, सगळं पांढरं झालं. फेंगलिअन कढईत डोकावून म्हणाली, "या शेवया नाहीत. भिंतीला कागद चिकटवायची खळ झाली."

आत पडलेल्या शुरोंगला हा गोंधळ ऐकू आला. ती भिंत धरत दारात आली. तिने नवी जाळी पाहिली, चिकाची परात पाहिली आणि दोन पांढरी माणसं पाहिली. ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. मग बाहीने तोंड पुसून ती चुलीपाशी बसली.

"आई, खळच करायची असते. आधी थोड्या पिठाची शिजवायची आणि मग बाकीचं पीठ तिच्यात मळायचं."

या वेळी ती सांगत गेली आणि फेंगलिअन करत गेली. सासू दांड्यावर आणि सून काड्या घेऊन कढईपाशी. माझ्या पोटातून पहिल्यांदाच असं काही गेलं, गुळगुळीत आणि थंड. मी दात आवळून धरल्यासारखा उभा होतो. खाली मात्र लांबच लांब, एकही न तुटलेल्या शेवया उतरत होत्या आणि पाण्यात पडताच आरपार दिसू लागत होत्या. दुआन काकूंचा शिर्का कामी आला. तिरफळाची पुरचुंडी शुरोंगच्या ट्रंकेत लग्नापासून होती.

तिने अर्धा वाडगा खाल्ला. सगळे तिच्याकडे पाहत राहिले. ती उठून बाहेर गेली नाही. थोड्या वेळाने तिने उरलेला अर्धाही खाल्ला. फेंगलिअनने मग स्वतः चव घेतली आणि तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगं, माझी जीभ कुठे गेली?" जीभ सापडेना, तरी तिने आणखी एक वाडगा घेतला.

वसंतात मुलगी झाली. गव्हाच्या लोंब्या भरत होत्या, म्हणून तिचं नाव माईसुई ठेवलं. म्हणजे गव्हाची लोंबीच. तिच्या बारशाला माझ्याकडून सकाळी एका जाळीने आणि दुपारी दुसऱ्या जाळीने काम करून घेतलं. पुढे गावातल्या लग्नांत लोक दोन्ही मागू लागले. मला न्यायला येणारे गडी विचारत, "काकू, दोन्ही जाळ्या द्याल ना?" माझ्या आयुष्यातला हा सर्वांत अभिमानाचा काळ.

पण काळ थांबत नाही. योंगशंगने विजेवर चालणारं यंत्र घेतलं आणि तालुक्याला खानावळ काढली. शुरोंग आणि माईसुई त्याच्याबरोबर गेल्या. मला मागच्या कोठीत ठेवलं. मानत्सांग होता तोवर दर हिवाळ्यात माझ्या अंगावरून तेलाचं बोट फिरे. तो गेला आणि तेल लावायचं राहिलं. लाकूड कोरडं पडलं की तडकतं. माझ्या उजव्या बाजूला चीर पडली. एका कोंबडीने माझ्या पोकळीत अंडी घालायला सुरुवात केली. कोंबडीचा मला राग आला नाही. निदान ती रोज येत होती.

फेंगलिअन मात्र तालुक्याला गेली नाही. मुलगा बोलवी, सून बोलवी. इथे मला काही कमी नाही, असं ती म्हणत असे. एका दुपारी तिने मला कोठीतून ओढत बाहेर काढलं आणि कढईवर चढवलं. तिला हले खावेसे वाटले होते. पण दांडा दाबायचा, तर काड्या कोण धरणार? ती दांड्यावर पोटाने रेलून एक हात कढईकडे नेत होती. मी वेड्यावाकड्या भाराने घसरलो, दांडा उसळला आणि ती पडली. मी काहीही करू शकलो नाही. दुआन काकूंना ती बऱ्याच वेळाने सापडली. मनगट मोडलं होतं.

शुरोंग पहिल्याच बसने आली. मला वाटलं, आता माझं सरपण होणार. तसं झालं असतं तरी मी तक्रार केली नसती. पण तिने मला ऊन पाण्याने धुतलं, चिरेवर तार घट्ट आवळली आणि तेल लावलं. मग कुट्टूचं पीठ मळलं, स्वतः दांड्यावर बसली आणि सासूच्या धड हातात काड्या दिल्या. दोघी जेवल्या.

"आई, आता चला माझ्याकडे," शुरोंग म्हणाली.

"हा येणार असेल तर येते," फेंगलिअनने माझ्याकडे मान उडवली.

"त्याच्यासाठी ट्रक सांगून ठेवलाय. जागा उरली तर तुम्हीही बसा."

फेंगलिअनने तिला एक शिवी हासडली आणि पेटी भरायला घेतली.

आता मी खानावळीत असतो. रोजचं काम यंत्र करतं आणि छान करतं. बाजाराच्या दिवशी मात्र मला कढईवर चढवतात. तालुक्यात कुठकुठची माणसं येतात, कोणी खाणीत कामाला, कोणी नव्या रस्त्यावर, कोणी नुकती लग्न होऊन आलेली. फेंगलिअन दाराजवळच्या स्टुलावर बसून प्रत्येकाला विचारते, की कुठला रे तू आणि घरी कुठल्या शेवया करतात. एकाने सांगितलं, आमच्या ग्वांगतोंगात पिठात बदकाची अंडी घालतात आणि जाड बांबूवर बसून, उड्या मारून ते मळतात. फेंगलिअनने लगेच योंगशंगला बांबू कुठे मिळेल ते बघायला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. शुरोंग म्हणाली, "बघा ना, मिळतो का."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी अडगळीत पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा. धुवा, वाळवा आणि थोडं तेल लावा. तडा गेला असला तरी टाकू नका, तारेने आवळलेली वस्तूही पुष्कळ वर्षं काम करते. आणि घरात कोणी नवं माणूस आलं, दुरून आलेलं, गप्प गप्प राहणारं, तर आपलंच ताट त्याच्यापुढे सरकवून थांबू नका. त्याच्या आईच्या घरी काय शिजायचं, ते विचारा. मानत्सांगला ते विचारायला एवढासा वेळ लागला होता, आणि बाकी आम्ही सगळे चार महिने नुसते वाडगे भरत होतो.

बरं, आता थांबतो. आज बाजार आहे, पाण्याला उकळी फुटली आहे आणि दोघी बाह्या सरसावून येत आहेत.