तेलात मुरत ठेवलेले व्हॉल्व्ह

उसामाने नोकरीसाठी सौदीतल्या दमामचं तिकीट काढलं होतं, आणि आमचे व्हॉल्व्ह चालले तर तो ते फाडणार होता. विमानाच्या तिकिटावर इतका तांत्रिक अंकुश अकोल्यात आधी कोणी ठेवला नसावा.

वर्कशॉप त्याच्या अब्बांचं, नासिरचाचांचं. धंदा जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचा. दोन हजार सहा साली कापूस बसला, जिनिंगचे कारखाने बसले, मग चाचाही बसले, खुर्चीवर. तेव्हा उसामाने आणि मी, अमरावतीला एका बाकावर इंजिनिअर झालेल्या दोघांनी, त्यांच्या जुन्या ग्राइंडिंग मशीनचा दांडा तेलावर तरंगवायचं ठरवलं, म्हणजे तो कुठे घासणार नाही, झिजणार नाही. पुण्याच्या कारखान्याचे साहेब बघायला येणार होते. पसंत पडलं तर व्हॉल्व्हची ऑर्डर, आणि उसामा इथेच.

दांड्याभोवती तेलाचे चार कप्पे असतात. पंप एकच. पण तेलाचा स्वभाव सरकारी मदतीसारखा. ज्याच्यावर भार नाही त्याच्याकडेच धावतं, दबलेला कोरडा राहतो. म्हणून प्रत्येक कप्प्याला असा व्हॉल्व्ह हवा, की दाब कितीही बदलो, त्याच्या वाट्याचं तेल त्याला मिळालंच पाहिजे.

आमची डिझाइनं एकामागून एक फसली. मग मला आमचं वलगावचं घर आठवलं. बोअर आटल्यावर बाबांनी संत्र्याची बाग तोडली होती आणि ठिबकच्या नळ्या ओसरीत पडून होत्या. त्यांच्या ड्रिपरमध्ये रबराची चकती असते. दाब वाढला की ती वाकून वाट अरुंद करते, म्हणून चढावरच्या आणि उतारावरच्या झाडाला सारखंच पाणी. बाबांना विचारलं.

"ने," ते म्हणाले. "झाडं काही तक्रार करून नाही राहिले."

चकत्या पितळी व्हॉल्व्हमध्ये बसवल्या. दांडा उचलला गेला. चाचांनी करंगळी लावली. तो फिरला, फिरतच राहिला. चाचा उभे राहिले. उसामाने तिकीट खिशातून काढून पाहिलं आणि परत ठेवलं.

"उद्या साहेबासमोर फाडतो. थोडा इफेक्ट पाह्यजे ना बे."

फक्त तेलात बुडबुडे येत होते. उसामाची अम्मी, रहिमाबी, चहा घेऊन आल्या होत्या. "रातभर तेलात मुरू द्या," त्या म्हणाल्या. "अचारातली हवा तशीच जाते." दोन्ही इंजिनिअरांना हे पटलं. व्हॉल्व्ह बरणीत घातले, वर तेल ओतलं, तोंडाला फडकं बांधलं.

सकाळी पंप सुरू झाला. साहेबांनी बोट लावलं. दांडा हलला नाही. व्हॉल्व्ह खोलले तर रबर तेल पिऊन पुरीसारखं फुगलेलं, वाट बंद. पाण्यासाठी जन्मलेलं रबर ते, त्याला तेलाची सवय नव्हती.

साहेबांनी चहा मात्र पुरा घेतला.

"अम्मी, मुरलं," उसामा म्हणाला. त्या हसल्या नाहीत. तो दमामला निघताना त्यांनी त्याच्या बॅगेत लोणचं ठेवलं नाही.

तो गेल्यावर मी तेलात टिकणारं रबर शोधून आणलं, चकत्या कापल्या. दांडा तरंगला, दुसऱ्या दिवशीही तरंगला. साहेबांना फोन केला. त्यांनी जर्मन व्हॉल्व्ह घेतले होते. मग उसामाला लावला.

"फिरून राहिला?"

"हो."

"कवापासून?"

"सकाळपासून."

"बंद कर. लाइटचं बिल अब्बाले भरा लागते."

मी बंद केलं नाही. मोबाइल मशीनजवळ धरला. तेलावरच्या दांड्याला आवाजच नसतो, तेच त्याचं यश. तिकडे नुसती पंपाची घरघर जात असणार. तरी त्याने फोन ठेवला नाही. चाचांनी हात पुढे केला. "ला, मले दे," म्हणाले, आणि फोन कानाला लावून फिरत्या दांड्यापाशी उभे राहिले.