आधी बसा, मग डोंगा सुटेल

मी एक जुना डोंगा आहे. सध्या माझ्यात एक कोंबडी अंडी घालते आणि तिचं माझ्याबद्दल बरं मत आहे. पण मित्रांनो, मी एकदा अख्खं राजघराणं वाहून नेलंय!

मोहाचं एक जाड खोड कोरून मला घडवलं. वडशाजवळ वैनगंगेच्या घाटावर पोचू नावाडी मला चालवायचा. रोज सकाळी तो एका पितळी पातेल्यानं माझ्यातलं पाणी उपसायचा. मग ते पातेलं राखेनं घासून लख्ख करायचा. आणि सगळे खाली बसल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

"काऊन गा पोचू, पाणी उपसाचं भांडं घासून राह्यला? त्यात का खीर करतं?" पलीकडे भाजी विकायला जाणारी सोनीबाई चिडवायची.

"भांडं हाय बाई. भांडं घासा लागते."

याहून लांब भाषण पोचूनं कधी केलं नाही.

१९५४चा हिवाळा. पलीकडच्या काठावर आमच्या गावच्या मंडळींचं नाटक होतं, पहिल्यांदाच! पडदा वेळेवर उघडला नाही, तर पुन्हा बोलावणं येणार नव्हतं. राजा झालेला इसरू घरूनच मुकुट घालून निघाला होता, कारण पेटीत पुठ्ठा चेपतो. तो माझ्यात चढला आणि उभाच राहिला.

"बसा, इसरूभाऊ."

"राजा उकिडवा बसते का गा? झग्याची इस्त्री मोडन!"

"मंग डोंगा नाई सुटत."

पलीकडे नगारा वाजू लागला. पोचूनं शांतपणे बिडी पेटवली.

"बस नं बाप्पा!" राणी खेकसली. राणी म्हणजे उमाजी. त्यानं सकाळीच मिशी उतरवली होती, त्यामुळे तो आधीच दुःखात होता.

शेवटी राजा बसला. दोर सुटला!

मधल्या डोहात पाण्याखालच्या ओंडक्याला मी धडकलो. असा कलंडलो, असा कलंडलो! पण सगळे बुडाशी बसलेले, म्हणून सावरलो. राजा उभा असता, तर राज्य तिथेच खालसा झालं असतं. गेला तो फक्त मुकुट. थोडा वेळ ऐटीत तरंगला, मग त्याचा लगदा झाला.

"मुकुटाबिगर मले राजा कोन म्हनन?" इसरू रडकुंडीला आला.

पोचूनं आधी आत आलेलं पाणी उपसलं. मग पातेलं दुपट्ट्यानं पुसून इसरूच्या डोक्यावर ठेवलं. बरोबर बसलं!

मंडप काठालाच होता, मला सगळं दिसत होतं. पडदा वेळेवर उघडला. गॅसबत्तीच्या उजेडात पातेलं असं झळाळलं की लोक म्हणाले, "राजाचं सोनं खरं दिसते!" सोनीबाई पुढेच बसली होती. तिनं पातेलं ओळखलं आणि तोंडाला पदर लावून हसू दाबलं. लढाईत शत्रूची तलवार मुकुटावर पडली. टण्ण! लोकांनी तो वार तीनदा परत करायला लावला.

नाटक रात्रभर चाललं. उजाडताना टाळ्यांचा कडकडाट चालू असताना पोचू थेट रंगमंचावर चढला.

"इसरूभाऊ, पातेलं द्या. पाणी उपसाचं हाय."

राजानं पातेलं दोन्ही हातांनी उतरवलं, पण दिलं नाही. स्वतः घाटावर आला, माझ्यातलं पाणी उपसलं, राखेनं पातेलं घासलं आणि सगळ्यांत आधी माझ्यात बसला. नाटकातला प्रधान अजून उभाच होता.

"बसा," राजा म्हणाला.

मित्रांनो, कुणी बघत नसलं तरी आपलं भांडं घासून ठेवा. ते कुणाच्या डोक्यावर चढेल, सांगता येत नाही. आणि माझ्यात खेळायला या. कोंबडीला विचारून या. पण आधी बसा.