वगळलेली खोली

"वरची कोपऱ्यातली खोली धरूच नका," मनोहर बेसमेंटमध्ये हात मागे बांधून इंग्रजीत सांगत होता. "तिथं कोणी राहत नाही. आम्ही दोघंच आहोत. लहान फर्नेस पुरेल."

समोरच्या तरुण माणसानं मोबाइलच्या उजेडात घर तापवणाऱ्या जुन्या फर्नेसवरचं लेबल वाचलं, त्याचा फोटो काढला आणि मान डोलावली. वर जाऊन खोल्या बघाव्यात असं त्याच्या मनातही आलं नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर अहिल्या दोन स्वेटर चढवून उभी होती. खुंटीवरच्या कोटाकडे बघावं तसं तिच्याकडे बघून तो निघून गेला.

शॉमबर्गमध्ये जानेवारी चालू होता. आदल्या दिवशी दुरुस्तीला आलेल्या माणसानं फर्नेसच्या आतल्या पत्र्याला गेलेला तडा दाखवला, यातून विषारी वायू घरात शिरेल म्हणून सांगितलं, गॅस बंद केला आणि लाल चिठ्ठी डकवून गेला. तेव्हापासून घर विजेच्या दोन छोट्या हीटरांवर चाललं होतं. एक हॉलमध्ये मनोहरच्या पायाशी, दुसरा स्वयंपाकघरात, सिंकखालचा पाइप गोठू नये म्हणून.

अहिल्याला थंडी नवी नव्हती. हॉलच्या भिंतीवर घराची ऊब ठरवणारा थर्मोस्टॅट होता, त्याच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी होती, पेटीला कुलूप होतं आणि किल्ली मनोहरच्या खिशात होती. आतला आकडा चौसष्ट. सेल्सिअसमध्ये तो अठरासुद्धा भरत नाही. घर घेतलं त्या वर्षी मनोहरनं समजावून सांगितलं होतं, "ऑफिसांत असंच लावतात. नाहीतर जो तो येऊन बटणं दाबत बसतो." त्या घरात तेव्हा 'जो तो' म्हणजे एकटी अहिल्या होती. शिवांगी पाळण्यात होती.

अहिल्या मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. निवृत्त होईपर्यंत ती एका डेअरीच्या लॅबमध्ये होती. तिथं दुधातल्या जिवाणूंना इन्क्युबेटरमध्ये माणसाच्या अंगाइतकी ऊब द्यायची, पारा जरासा ढळला तरी नोंद करायची, आणि संध्याकाळी घरी येऊन कानटोपी घालून पोळ्या लाटायच्या. यात काही विचित्र आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. ते तिला मुलीनं दाखवून दिलं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली होती. कुणीतरी हात चोळत म्हणालं, गारठा आहे नाही जरा? शिवांगी उठली, स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत तिनं ती पेटी फोडली.

"सगळ्यांनी बघून घ्या," ती म्हणाली. "माझी आई तिच्या स्वतःच्या घरात या भिंतीला हात लावू शकत नाही."

मनोहरनं आवाज चढवला नाही. पाहुण्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं, आणि मग मुलीला म्हणाला, बॅग भर. ती मिनिआपोलिसला गेली. तिथं इथल्यापेक्षा थंडी जास्त, पण व्हिडिओ कॉलवर शिवांगी घरात टी-शर्टवर वावरताना दिसायची. मनोहरनं त्याच आठवड्यात नवी पेटी आणून बसवली. मग तो वर गेला आणि शिवांगीच्या खोलीतल्या जमिनीवर, जिथून गरम हवा येते त्या जाळीची झडप त्यानं बंद केली. अहिल्या ती उघडायची. तो बंद करायचा. त्यावर एका शब्दानंही बोलणं व्हायचं नाही. शेवटी त्यानं जाळीवर जाड चिकटपट्टी लावली, तेव्हा अहिल्यानं तो नाद सोडला.

पण आता तो जे मागत होता ते चिकटपट्टीहून पक्कं होतं. फर्नेस एकदा बसला की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. लहान बसला, तर पुढे कधी झडप उघडली तरी त्या कोपऱ्यापर्यंत ऊब पोचणार नव्हती. खोली जागेवर राहणार होती आणि घरातून वजा होणार होती.

लेबलाचा फोटो काढणारा माणूस रवीनं पाठवलेला. रवी म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन. सामोसे कुठले घ्यावेत इथपासून हार्टचा डॉक्टर कुठला करावा इथपर्यंत त्याचं मत तयार असे. दुपारी त्याचा फोन आला. मनोहरनं स्पीकर लावला.

"काका, डोळे झाकून फायनल करा. माझ्याकडे त्यानंच केलंय. परमिट, इन्स्पेक्शन, काही झंझट नाही. सकाळी येतो, संध्याकाळी हीट चालू."

"रवी, त्यानं तुझ्या खोल्या मोजल्या होत्या का रे?" अहिल्यानं विचारलं.

"काकू, फर्नेस बसवायचाय, कार्पेट नाही."

मनोहर मोठ्यानं हसला. बायकोला कुणी गप्प केलं की तो नेहमी असाच हसायचा, अगदी मनापासून. रवीनं पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे त्याला गिफ्ट कार्ड मिळतं हे अहिल्याला ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात रवीच्याच बायकोनं ते कौतुकानं सांगितलं होतं. ती ते बोलली नाही. बोलली असती तर मनोहर म्हणाला असता, मिळू दे ना, तुझ्या बापाचं काय जातं.

दुसरा माणूस एका मोठ्या कंपनीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्यानं टॅब्लेटवर वायूनं गुदमरलेल्या एका कुटुंबाची फिल्म दाखवली आणि सांगितलेली किंमत फक्त आज संध्याकाळपर्यंतच आहे असं बजावलं. कोपऱ्यातली खोली नको? नको तर नको. गिऱ्हाइकाची पसंती तीच आमची पसंती. घर किती मोठं आहे हे त्यानं टॅब्लेटवरच बघितलं होतं.

तिसऱ्याला अहिल्यानं बोलावलं. लॅबमधल्या तिच्या जुन्या सोबतिणीनं, सुलेखानं नंबर दिला होता. मनोहरला हे कळलं ते दारात व्हॅन थांबल्यावर.

"हा कोण?"

"बघू तरी काय म्हणतो."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"म्हणून तर बोलावलंय."

यानुश नावाचा तो पोलिश माणूस पन्नाशीच्या पुढचा होता. त्यानं दारातच बुटांवर कागदी पिशव्या चढवल्या. बेसमेंटमध्ये न जाता तो आधी खिडक्यांकडे गेला. काचा, भिंती, छताची उंची, सगळं टेपनं मोजून वहीत टिपत निघाला. मनोहर मागोमाग होता, डोळ्यांत तेल घालून. मधेच यानुश वळला आणि अहिल्याला त्यानं विचारलं, घरात तुम्हाला कुठं गारठतं?

तिला वाटलं, हा चुकून आपल्याशी बोलतोय. मग ती म्हणाली, ओट्यापाशी. पलंगाच्या माझ्या बाजूला. आणि वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत.

"ती खोली धरायची नाही," मनोहर म्हणाला.

यानुश तरीही वर गेला. जमिनीवरच्या चिकटपट्टीकडे त्यानं पाहिलं आणि खिडकी मोजली. खाली येऊन त्यानं शांतपणे सांगितलं की त्या खोलीच्या भिंतीतून बाथरूमचा पाइप जातो, खोली अशीच गार राहिली तर तो एखाद्या वर्षी फुटेल. मी करायचं तर पूर्ण घराचं करीन. परमिट काढीन, गावाचा इन्स्पेक्टर येऊन बघून जाईल. अर्ध्या घराचं काम मी करत नाही.

"मग करू नका," मनोहर म्हणाला आणि त्यानं दार उघडून धरलं. थंड हवा आत आली. यानुशनं कार्ड पुढे केलं. मनोहरनं दारावरचा हात काढला नाही, म्हणून अहिल्यानं घेतलं.

दार लागल्यावर मनोहर म्हणाला, "पोरीचं नाव काढायला परका माणूस आणलास घरात."

"नाव कुणीच काढलं नाही. तुम्ही आत्ता काढलंत."

त्यानं फोन उचलला आणि रवीला सांगितलं, तुझा माणूस पाठव सोमवारी. अहिल्या स्वयंपाकघरात गेली, नळ उघडा सोडला आणि त्याच्या आवाजाआड यानुशला फोन लावला. घर दोघांच्या नावावर होतं. इतक्या वर्षांत त्या गोष्टीचा काही उपयोग असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी व्हॅन परत आली तेव्हा मनोहर दाढी करत होता. तो गालाला फेस तसाच घेऊन खाली आला.

"कुणाला विचारून?"

"मला थंडी वाजते," अहिल्या म्हणाली. "आणखी कुणाला विचारायचं?"

"माझा एक पैसा मिळणार नाही."

"माझ्या रिटायरमेंटच्या फोर-ओ-वन-केमधून देतेय. तुम्ही दाढी करून घ्या, फेस वाळतोय."

यानुश आणि त्याचा जोडीदार जुना फर्नेस तुकड्यातुकड्यांनी वर आणत होते, तेवढा वेळ मनोहर हॉलमध्ये ओव्हरकोट आणि टोपी घालून बसून राहिला. जणू त्याची गाडी यायची होती. मधे रवीचा फोन आला. काका, असं कसं केलंत, मी त्या माणसाला शब्द दिला होता, ग्रुपमध्ये माझं काय नाव राहील, असं बरंच काही तो बोलला. मनोहर म्हणाला, "तुझ्या काकूला विचार. आता तीच बघते सगळं." हे त्यानं अशा आवाजात सांगितलं की पलीकडे रवी एकदम मऊ पडला आणि तब्येतीची चौकशी करू लागला.

दुपारी यानुश वर गेला. अहिल्या दारात उभी होती. त्यानं जाळीवरची चिकटपट्टी ओढली. ती सलग निघाली नाही, तुकडे पडले, लाकडावर डिंकाची चौकट राहिली. मग खाली काहीतरी घुरघुरलं आणि जाळीतून हवा आली. आधी जळक्या धुळीचा वास, मग नुसती ऊब. टेबलावरच्या जुन्या कागदाचा कोपरा हलायला लागला.

व्हॅन गेल्यावर मनोहर उठला. त्यानं जुन्या थर्मोस्टॅटवरची पेटी उचलून आणली आणि फर्नेसबरोबर बसवलेल्या नव्यावर लावून बघितली. नवा थर्मोस्टॅट पेटीपेक्षा बोटभर जास्त रुंद होता. त्यानं पेटी तिरकी केली, दाबली, उलटी करून बघितली. प्लॅस्टिक कडकडलं.

"ऑनलाइन मोठी मिळते," भिंतीकडे बघतच तो म्हणाला.

अहिल्या वर गेली आणि तिनं मिनिआपोलिसला फोन लावला. तुझी खोली गरम झाली, असं तिनं सांगितलं. नवा फर्नेस आहे, तुझी खोली धरून बसवलाय. मार्चमध्ये सुट्टी असेल तर ये.

"आई, आय अ‍ॅम हॅपी फॉर यू," शिवांगी म्हणाली. "रिअली. पण मी येणार नाही. मी खोलीसाठी नव्हते गं गेले."

"माहितीय मला."

"मग खोली कशाला गरम केलीस?"

अहिल्यानं काहीतरी बोलून विषय बदलला. फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ मुलीच्या पलंगावर बसून राहिली. मग शेजारच्या खोलीत गेली, आपली उशी, रजई, चष्मा आणि गुडघ्याचं मलम घेऊन आली. उशी पलंगावर ठेवली. वरचा स्वेटर काढला, थोडं थांबून आतलाही काढला आणि दोन्ही खुर्चीच्या पाठीवर टाकले. उघडे हात तिला स्वतःलाच ओळखीचे वाटेनात.

"संध्याकाळी जेवायला काय आहे?" खालून आवाज आला.

तिनं पलंगावर रजई पसरली. थोड्या वेळानं हॉलमध्ये बटण दाबल्याचा बारीक आवाज झाला, एकदा, मग लागोपाठ. बेसमेंटमधली घुरघुर थांबली. टेबलावरचा कागद स्थिर झाला.

अहिल्या उठली. जिना उतरून ती खाली गेली. मनोहर थर्मोस्टॅटपाशीच उभा होता, ओव्हरकोट अजून अंगावर. तो बाजूला झाला नाही. तिनं त्याच्या खांद्यावरून हात घातला, आकडा होता तिथं परत नेला, खाली घुरघुर सुरू होईपर्यंत थांबली आणि वर आली.

स्वेटर खुर्चीवरच होते.