भिंतीपलीकडची अंगणवाडी

दिंडोरीजवळच्या एका गावात ग्रामसभा भरली. नव्या अंगणवाडीसाठी हात वर झाले, तेव्हा ग्रामसेवकाने कुसाबाईंकडे न बघताच त्यांचं नाव विरोधात लिहून टाकलं. अंगणवाडी त्यांच्या भिंतीला लागूनच होणार होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. म्हातारीला गोंगाट कशाला हवा?

"माझा हात दिसला नाय का रं, मुडद्या? खोड ते!" कुसाबाई कडाडल्या.

"पण आजी, तुमच्या घरातलं कोण जाणार तिथं?"

"कोणी नाय." हात त्यांनी तसाच वर धरला होता. "पोरं हजेरीला 'हजर' म्हणतील ना, तवा भिंतीआडून मीबी म्हणत जाईन. नायतर मी हाय का गेली, हे इचारतं कोण?"