ऐकलेला पासवर्ड

त्या घरात पासवर्ड टाकायची वेळ झाली की सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, असा कायदाच होता. पाहुण्यांनाही सूट नव्हती. एकदा शेजारचे दातांचे डॉक्टर हातात कपबशी धरून अर्धा मिनिट कॅलेंडर वाचत उभे राहिले होते. इमारतीतली माणसं घरमालकांना कुलूपकाका म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, फोनमधलं लोकेशन कायमचं बंद, आणि घरातला एकही फोटो कुठल्या कंपनीच्या हवाली केलेला नाही. सगळं काही कपाटात बसवलेल्या एका काळ्या डब्यात, म्हणजे काकांच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये. दुकानदाराने मोबाईल नंबर मागितला तर हे गृहस्थ मिक्सर तिथेच ठेवून घरी येत.

त्यांच्या बायकोने एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. गावभर तिला बाई म्हणत. काकाही बाईच म्हणत, कारण चोविसाव्या वर्षी तेही त्याच क्लासात टकटक करायला बसले होते. लग्नानंतर हाक बदलायची राहूनच गेली.

त्या शनिवारी सकाळी डब्याला अपडेट आला. काकांनी तो लावला, डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि स्क्रीनवर पासवर्डची पांढरी चौकट येऊन थांबली. काकांनी बोटं कळांवर ठेवली. बोटं हललीच नाहीत.

आता हे कसं झालं, ते सांगायला हवं. पासवर्ड म्हणजे सहा शब्द होते. सात हजार मराठी शब्दांच्या यादीतून काकांनी ते फासे टाकून निवडले होते, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. लिहिलेला कागद गॅसवर जाळला होता. नऊ वर्षं रोज सकाळी सात वाजता डबा सुरू करायचा आणि ते सहा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकायचे, हा नेम होता. इतका नेम, की शब्द डोक्यातून कधीच उतरले आणि बोटांत जाऊन बसले. मग काकांच्या छंदाने उचल खाल्ली. त्यांनी स्वतःच्या हाताने एक कीबोर्ड बनवला. दोन वेगळे तुकडे, अक्षरांची मांडणी पार उलटीपालटी. तीन महिने खपून बोटांना नवी वाट शिकवली. त्याच सुमारास डब्याला मोठी बॅटरी बसवली, त्यामुळे तो बंदच होईना आणि पासवर्ड टाकायची गरजही पडेना. थोडक्यात, काकांनी आपल्याच हाताने आपल्याच बोटांतून किल्ली पुसून टाकली. असा उद्योग करायला माणूस हुशारच असावा लागतो.

जुना कीबोर्ड माळ्यावरून काढला. पहिला शब्द ‘कासव’, तेवढा आठवला. पुढे बोटं नव्या वाटेने जात, मधेच जुन्या वाटेला लागत, आणि चौकट लाल होई. दुपारी दोनपर्यंत ती चाळीसदा लाल झाली.

त्या डब्यात बाईंच्या वडिलांचा आवाज होता. ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. दुरुस्त झालेला प्रत्येक टेप घरीच बोलून तपासत, आणि अशा तपासणीच्या बारा कॅसेटी त्यांच्यामागे उरल्या होत्या. कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा जावयाने, म्हणजे काकांनी, चार महिने खपून सगळा आवाज डब्यात उतरवला. कॅसेटी मग टाकून द्याव्या लागल्या. प्रती तीन होत्या, पण तिन्हींना कुलूप तेच.

आणि आतल्या खोलीत काकांच्या सासूबाई, म्हणजे बाईंच्या आई होत्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांचे कान भराभर जात होते. महिन्या-दोन महिन्यांत कानातल्या मशीनचाही उपयोग होणार नाही, असं कानाच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. सासूबाईंनी एवढंच मागितलं होतं, “जाईल ते जाऊ दे. त्याआधी एकदा ह्यांचा आवाज ऐकवा.” रविवारी ऐकवू, असा शब्द काकांनी दिला होता.

अडीच वाजता काका स्वयंपाकघरात आले आणि ओट्याशी उभे राहिले. “बाई, माझ्या हातून फार मोठी चूक झाली,” म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गॅस बंद केला. मग हात पुसत म्हणाल्या, “अहो, थोडासा माझ्याकडे आहे.”

“काय?”

“पासवर्ड.”

“तू बघितलास?”

“छे हो! भिंतीकडे तोंड करूनच उभी असायचे. पण कान कुठे वळवणार होते? बघितला नाही, ऐकला.”

काकांना वाटलं, ही गंमत करतेय. बाई मात्र डोळे मिटून खुर्चीवर बसल्या आणि टेबलावर बोटांनी वाजवू लागल्या. पाच टकटक, मग मोकळ्या जागेसाठी अंगठ्याचा धप्प ठोका. चार टकटक, धप्प. सहा, धप्प. आठ, धप्प. पुन्हा पाच, धप्प. शेवटी सात. दोनदा वाजवलं, दोन्ही वेळा तेच. काकांनी समोरची खुर्ची ओढली.

“सगळी अक्षरं नाही कळत,” बाई म्हणाल्या. “करंगळ्या तेवढ्या कळतात. तुमची करंगळी पहिल्यापासून कमकुवत. तिचा ठोका बारीक येतो आणि जरा उशिरा येतो. डावी वेगळी, उजवी वेगळी. एकच कळ लागोपाठ दोनदा आली तर तीही कळते. तुमची बोटं मी बसवलीत, मला नाही कळणार तर कुणाला?”

“नऊ वर्षं तू हे ऐकत होतीस?”

“ऐकत कशाला बसेन? कानावर पडायचं. तिसऱ्या शब्दावर चहाला उकळी यायची.”

काकांनी लॅपटॉप उघडला. सात हजार शब्दांची यादी अजून होती. यादी गुप्त नसतेच, निवड गुप्त असते. त्यांनी दहा ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बाई सांगत गेल्या, प्रोग्रॅम यादी चाळत गेला. “तिसरा शब्द. उजवी करंगळी, डावी करंगळी, मग एकच कळ दोनदा, परत डावी करंगळी, आणि एक साधं बोट.” सात हजारांतले तीन शब्द उरले. काकांनी ते मोठ्याने वाचले. ‘पक्कड’ म्हणताच त्यांची उजवी करंगळी आपोआप खाली गेली.

“हाच,” दोघंही एकदम म्हणाले.

दुसऱ्या शब्दाला सव्वीस उरले होते, चौथ्याला सात. शेवटच्या शब्दापाशी बाई अडखळल्या. “इथे नेहमी मी कप मांडत असायचे,” म्हणाल्या, आणि उठून खरोखरच कप मांडायला लागल्या. तिसरा कप ठेवता ठेवता वळून म्हणाल्या, “शेवट डाव्या करंगळीने.”

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांचं सगळ्यात मोठं गुपित चार हातांच्या अंतरावर, चहाच्या भांड्याशेजारी, नऊ वर्षं सुखरूप राहत होतं. त्यांना राग आला नाही, भीती वाटली नाही. देवळात गेल्यासारखं वाटलं, आणि आवाज आपोआप खाली आला.

पाच वाजून दहा मिनिटांनी चौकट हिरवी झाली.

रविवारची वाट कुणी पाहिली नाही. स्पीकर सासूबाईंच्या उशाशी ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. आधी खरखर, मग खाकरणं, मग वडिलांचा आवाज खोलीभर झाला. बाईंनी तोंडावर पदर धरला.

सासूबाई मान हलवत म्हणाल्या, “शब्द लागत नाहीत गं. नुसतं घुमतंय.”

काकांचा जीव थोडा थोडा झाला. आपल्याला उशीर झाला, असं त्यांना वाटलं. ते बंद करायला वाकले, पण म्हातारीने त्यांचा हात धरला आणि डोळे मिटले. टेपवर वडील आकडे मोजत होते. एक, दोन, तीन. मग ते थांबले आणि दुसऱ्या खोलीतल्या कुणाला तरी मोठ्याने विचारू लागले,

“अगं, ऐकू येतंय का?”

“येतंय हो,” सासूबाई म्हणाल्या.

टेपवरच्या तरुण सासूबाईही तेच म्हणाल्या, पण त्यांचं उत्तर क्षणभर मागून आलं.