कौसल्याबाईंचा पंप आणि मी अल्फा

मी अल्फा बोलतोय, बाभुळगावच्या कौसल्याबाईंच्या श्वासनळीतून. डोळे ताणू नका, मी दिसायचा नाही. श्वासनळीच्या स्नायूतल्या एका पेशीच्या भिंतीला मी आतून चिकटून असतो. आम्ही जी-प्रथिनाची तीन भावंडं: मी, बीटा आणि गॅमा. ती दोघं एकमेकांना कधी सोडत नाहीत. धावपळ माझ्याच वाट्याला.

पेशीतच जन्मलो आणि हातात जीडीपी नावाचा रेणू आला. देशाचा नव्हे हो, तो वेगळा! हा हातात असला की मी महाआळशी. पण भिंतीतला पहारेकरी, म्हणजे ग्राही, बाहेरचा सांगावा घेऊन हलला, की मी जीडीपी टाकतो, त्याचाच जोरकस भाऊ जीटीपी धरतो आणि भावंडांना सोडून पळतो.

परवा वेचलेला कापूस घरात रचला. आज त्याच्या धुळीनं आमची श्वासनळी आवळली. कौसल्याबाईंची छाती वाजू लागली.

"पंप... पंप आना!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

नवरा बाबाराव धावले आणि गोठ्यातला फवारणीचा पंप पाठीवर घेऊन हजर! आमच्याकडे पंप म्हटलं की फवारणीच आठवते, त्यांचा तरी काय दोष? मी मात्र आत हवालदिल. सांगावाच आला नाही, तर धावू कशाच्या जोरावर? बाई गुदमरत होत्या.

"बाबा, थो नाई! दम्याचा! डॉक्टरीनबाईनं काल देल्ला थो!" लेक दीपमाला ओरडली. तिनं उशीखालचा छोटा पंप आईच्या तोंडात धरून दाबला. "आई, ओढ श्वास!"

औषध आलं, ग्राही हलला आणि मी सुटलो! शेजारच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ढोसलं. त्यानं सीएएमपी नावाचे निरोपे भराभर आत पाठवले. पेशीपेशीतून माझे असंख्य भाऊबंदही तेच करत होते. आवळलेला स्नायू हळूहळू सैल पडला.

दम खाल्ल्यावर कौसल्याबाईंचं पहिलं वाक्य: "मी काय बोंडअळी आहो, मले फवाराले निंगाले तुम्ही?"

बाबाराव पंपासकट मटकन खाली बसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

मी जीटीपीचा एक तुकडा मोडला, पुन्हा जीडीपी केला आणि भावंडांना येऊन बिलगलो. माझं आयुष्य थोड्याच दिवसांचं, मग इथे नवा अल्फा येईल. जाता जाता एकच विनंती, तेवढा कापूस त्या खोलीतून हलवा. बाई अजून नवऱ्याला बोलताहेत. बोलू द्या. बोलायला श्वास लागतो, आणि आज तो त्यांच्याकडे भरपूर आहे.